कोंबड्याची बांग आणि अक्षरांच्या मात्रा

लिहिलेलें अक्षर डोळ्यांना दिसतें. परंतु तें किती वेळ उच्चारावयाचें, हें कानालाच शिकावें लागतें. यासाठीं प्राचीन वैयाकरणांनीं प्राण्यांचे आवाज मापाला घेतले. ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत हे स्वरांचे भेद सांगतांना पाणिनीनें उकार निवडला. पहांटेच्या कोंबड्याच्या बांगेंत एक, दोन व तीन मात्रांचा उकार क्रमानें ऐकूं येतो, म्हणून ही निवड झाली, असें परंपरा सांगते. 'पाणिनीय शिक्षें'त चाषाचा आवाज एक मात्रेचा, कावळ्याचा दोन मात्रांचा, मोराचा तीन मात्रांचा व मुंगसाचा अर्ध्या मात्रेचा मानला आहे.

आज संगणकाला हेंच काम उलट बाजूनें करावें लागतें. बालवाचकासमोर पडद्यावर 'कुकूऽऽच कू' अशीं अक्षरें उमटत असतां त्यांबरोबर बांगही ऐकूं यावयाची असते. पण ध्वनिमुद्रण असतें अर्ध्या सेकंदाचें, आणि अक्षरांना वेळ हवा दोन सेकंदांचा. मग आवाज ताणावयाचा कसा?

संगणकांत आवाज म्हणजे आंकड्यांची रांग होय. एका सेकंदाचे सामान्यतः ४४,१०० आंकडे असतात. प्रत्येक आंकडा दोनदां वाचला, तर आवाज दुप्पट लांबतो खरा. पण ग्रामोफोनची तबकडी निम्म्या गतीनें फिरविल्याप्रमाणें तो एक सप्तक खालीं उतरतो. चिमणीची चिवचिव मग चिमणीची राहत नाहीं. म्हणून त्या रांगेचे सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागाएवढे तुकडे करून, त्यांच्या कडा एकमेकींवर चढवून, ते अधिक अंतरानें मांडतात. त्यामुळें लांबी वाढते व स्वराची उंची कायम राहते.

तथापि सर्वच भाग सारखा ताणून भागत नाहीं. व्यंजनाची मात्रा अर्धी. लांबतो तो स्वर. 'कू' मधील आरंभींचा 'क्' ताणला तर नुसती खरखर उरते. तेव्हां आवाजाचा आरंभ जसाच्या तसा ठेवून मधला स्थिर भागच वाढवावा लागतो. मोजतांनाही सावधगिरी हवी. कारण संगणकाच्या हिशेबीं 'कू' हीं दोन चिन्हें आहेत, वाचकाच्या दृष्टीनें तें एकच अक्षर. आज्ञावलीनें चिन्हें न मोजतां ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन व प्रत्येक अवग्रहाची आणखी एक, अशा मात्रा मोजाव्या. असें न केल्यास मुलाचा डोळा 'कू' वाचतो आणि कान 'कु' ऐकतो; ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा तेथेंच मुरतो.

यांत एक मर्यादाही पाळली पाहिजे. सोलापूरजवळील नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज तेथें तो पक्षी क्वचितच दृष्टीस पडतो. त्याचा घुमणारा आवाज पुढील पिढीला बहुधा ध्वनिमुद्रणांतूनच ऐकावा लागेल. अक्षरांसाठीं ताणलेला आवाज हाच त्याचा खरा आवाज, असा समज तिनें करून घेऊं नये. म्हणून ताणलेल्या आवाजाजवळ मूळ आवाजही जपून ठेवावा, आणि मुलांना आधीं तोच ऐकवावा.