लाकूड, कापड, वारा (लेखांक १४) : हिराएवढा टेकू

'आर-१०१' या हवाईजहाजाची गोष्ट आज सांगणार होतो. पण तो अजस्र फुगा आणखी एक आठवडा खांबालाच बांधलेला राहू दे. गेल्या रविवारनंतर दोन पत्रं आली, आणि त्यातल्या दुसऱ्याने माझी जुनी खोड जागी केली.

पहिलं पत्र इथलंच, खालच्या आळीतलं. 'तेरा आठवडे तुम्ही कराची, जुहू, क्रॉयडन करताय. आमच्या रत्नागिरीचा या सगळ्याशी काही संबंध आहे की नाही?' प्रश्न रास्त आहे. घरातला शाळेचा नकाशा काढा, मुंबई आणि पणजी या दोन ठिपक्यांवर फूटपट्टी ठेवा आणि रेघ ओढा. रेघ बरोबर आपल्या डोक्यावरून जाते. २९ ऑक्टोबर १९३५ रोजी टाटांची मुंबई–त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली. थांबे दोनच, गोवा आणि कन्नूर. रत्नागिरीला विमान थांबणार नव्हतं. सड्यावरची धावपट्टी व्हायला अजून कित्येक वर्षं होती. विमान होतं फॉक्स मॉथ, एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं. त्याची बैठक मोठी गमतीची. प्रवासी पुढे बंद खोक्यात, आणि वैमानिक त्यांच्या पाठीमागे, वर उघड्यावर, वारा खात. टांगेवाला टांग्याच्या मागे बसवल्यासारखा! चालवत होता नेव्हिल विन्सेंट, आपला तोच, जुहूहून बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेणारा. मुंबईहून निघाल्यावर दीडेक तासात तो आपल्या टापूत आला असणार. आगबोटीच्या डेकवर वळकटी पसरून रात्र काढणाऱ्या चाकरमान्याला हे सांगितलं असतं, तर त्याने माझ्याकडे कसं पाहिलं असतं याची कल्पना मी करू शकतो.

दुसरं पत्र अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचं. ती विचारते, 'तुम्ही लिहिलंत, की त्या काळी विमानं वरचेवर पडायची आणि माणसं कपडे झटकून उभी राहायची. मग मरायची ती कशाने?'

या एका प्रश्नावर मी वर्षानुवर्षं पुस्तकं जमवली आहेत.

आधी कपडे झटकण्याचं. जिप्सी मॉथसारखं हलकं विमान जमिनीला टेकायचं ते ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने. हातखंब्याचा रस्ता मोकळा मिळालेली एसटी याहून जोरात जाते. सगळं धूड साडेसातशे किलोच्या आत, पंख लाकडाचे आणि वर ताणलेलं कापड. इंजिन बंद पडलं तर वैमानिक खाली बघायचा आणि मोकळी जागा निवडायचा. कापणी झालेल्या खाचरात उतरला तर चाकं मेरेला अडकून विमान नाकावर उभं राहणार, पंखा मोडणार, नाक फुटणार, विमानाचं आणि कदाचित माणसाचंही. मी त्याच्या जागी असतो तर ओहोटीची वेळ बघून भाट्याच्या ओल्या वाळूवर उतरलो असतो. सडा वरून सपाट दिसतो, पण ते गवत म्हणजे निव्वळ फसवणूक. खाली जांभ्याचे दात आणि दर शंभर पावलांवर गडगा.

इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान घेऊन निघालेल्या ॲमी जॉन्सनने १९३० च्या मे महिन्यात काय काय केलं ते आठवा. पेट्रोल संपत आलं म्हणून ती झाशीच्या लष्करी मैदानावर उतरली आणि बराकींमध्ये घुसून थांबली. पंख मोडला होता, तो जोडून दुसऱ्या दिवशी पुढे. ब्रह्मदेशात रंगूनचं मैदान पावसात सापडेना, तेव्हा इन्सीनच्या तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली. विमान थेट चरात. पंखा, चाकं, पंखाचं कापड, सगळ्याची वाट लागली. तंत्रशाळेच्या शिक्षकांनी आणि मुलांनी ते दुरुस्त केलं, आणि पंखाला ठिगळं लावली ती सदऱ्यांची! महायुद्धातून उरलेलं विमानाचं कापड तिथल्या बाजारात आलं होतं आणि लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे परत विमानाला गेले. ज्या ब्रह्मदेशचा राजा आपल्याकडे तीस वर्षं नजरकैदेत राहिला, तिथल्या पोरांचं हे काम. थिबा राजवाड्यासमोरून जाताना मला हटकून ते सदरे आठवतात. तीन दिवस गेले, बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम हातून निसटला, पण बाई २४ मे रोजी डार्विनला सुखरूप उतरली.

म्हणजे जमिनीजवळचे अपघात सुताराने आणि शिंप्याने निस्तरण्याजोगे होते. माणूस मरायचा तो वर. हवेतच काही मोडलं तर ना सुतार कामाचा, ना शिंपी.

आणि वर मोडणारं विमान कुठलं, तर पस मॉथ. होय, तेच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून ज्यातून निघाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले, ते.

दिसायला देखणं. जिप्सी मॉथसारखं उघडं नाही, तर बंद केबिन, तिघांची सोय. पंखांची एकच जोडी, डोक्यावर. पोलादी नळ्यांचा सांगाडा, १२० अश्वशक्तीचं इंजिन. पंख दुमडून गाडीसारखं गॅरेजात ठेवता यायचं. १९३२ च्या ऑगस्टमध्ये जिम मॉलिसनने याच जातीच्या विमानातून एकट्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे अटलांटिक ओलांडला. नोव्हेंबरात ॲमी याच जातीच्या विमानातून केपटाउनला गेली. हौशी माणसांना तेव्हा पस मॉथचं वेड होतं.

आता त्याच काळातली दुसरी यादी पाहा. ऑक्टोबर १९३०, पश्चिम ऑस्ट्रेलिया. विमान हवेत तुटलं. मे १९३१, दक्षिण आफ्रिकेतले ड्राकेन्सबर्ग डोंगर. इथे गेला ग्लेन किडस्टन. गडगंज माणूस, १९३० ची ल मान्सची मोटारशर्यत जिंकलेला. १९२९ मध्ये लुफ्तहान्साचं विमान इंग्लंडात पडून जळालं, त्यातून जिवंत राहिलेला हा एकटा. त्या आगीतून वाचलेला माणूस डोंगरावरच्या वाऱ्यात गेला, सोबत त्याचा साथीदार कॅप्टन ग्लॅडस्टन. नोव्हेंबर १९३१, पुन्हा दक्षिण आफ्रिका, केपजवळची एक खिंड, आणि या खेपेला टपालाचं विमान. तिघे गेले. १८ सप्टेंबर १९३२, ऑस्ट्रेलियातलं बायरन बे. पुन्हा तिघे.

त्यानंतर सत्ताविसाव्या दिवशी कराचीहून जेआरडी निघाले. बिनतारी यंत्र नाही, अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलेलं. आपण हे इतक्यांदा ऐकलंय, की आता त्याची लाडिक गोष्ट झाली आहे. मला मात्र बैलगाडीपेक्षा त्या सत्तावीस दिवसांचं जास्त वाटतं. आणि विन्सेंटचं त्याहून जास्त, कारण जेआरडींच्या वाट्याला सपाट किनारा होता, विन्सेंटला तेच टपाल मद्रासला नेताना ऑक्टोबरच्या उन्हाने तापलेला सह्याद्री ओलांडायचा होता. घाटमाथ्यावर दुपारी हवा कशी उसळ्या घेते हे घारींना विचारा.

१९३३ पर्यंत अशी आठ-नऊ विमानं हवेत तुटली. सुरुवातीला बोट वैमानिकाकडेच. वारा जोराचा होता, याने विमान फार दामटलं, झालं. पण अवशेष दुसरंच सांगत होते. धड एकीकडे आणि पंख भलतीकडे दूर पडलेला. जमिनीवर आदळून मोडला असता तर पंख धडाशेजारी सापडला असता. मग फार्नबरो आणि टेडिंग्टन इथल्या संशोधनसंस्थांनी तुकडे तपासले, नमुने वाऱ्याच्या बोगद्यात हलवून पाहिले. दोषी निघाली एक दांडी.

ती कशी, ते घरी करून पाहा. खराट्यातला एक हीर उपसा. (घरात कोणी पाहत नाही ना, तेवढं बघा. आमच्याकडे यावरून बरीच बोलणी खाऊन झाली आहेत.) वीतभर तुकडा मोडून घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि ओढा. काही होत नाही. कितीही ओढा, हीर ताठ. आता तोच दोन्ही बोटांमध्ये धरून टोकांकडून दाबा. जरा जोर लावला, की मधूनच एका बाजूला फुगतो, धनुष्यासारखा वाकतो आणि मग त्याच्यात काही दमच उरत नाही.

पस मॉथचा पंख खालून दोन दांड्यांनी धरलेला होता, एक पुढची, एक मागची. दोन्ही धडाच्या तळापासून पंखाच्या मध्यापर्यंत तिरक्या गेलेल्या. विमान सरळ उडत असताना हवा पंखाला वर उचलते, म्हणजे दांड्या ओढल्या जातात. ओढलेल्या हिराला भीती नाही. पण विमान सूर मारून वेगात आलं, किंवा वाऱ्याचा झोत वरून बसला, की पंखाची पुढची कड खाली दाबली जाते. मग पुढची दांडी ओढली जाण्याऐवजी दाबली जाते. दाबलेला हीर! ती वाकली की पंखाला पीळ पडतो, तो ओल्या धोतरासारखा फडफडायला लागतो आणि बघता बघता मुळातून जातो.

आता पुन्हा हीर दाबा, आणि या खेपेला शेजारी बसलेल्याला सांगा, की मध्यावर नुसतं बोटांनी धरून ठेव. जोर नको, फक्त इकडेतिकडे हलू देऊ नको. मगाशी जेवढ्या दाबाने हीर वाकला होता, त्याच्या चौपट दाब तो आता सोसेल. लांबी निम्मी केली की ताकद चौपट होते. हे गणित ऑयलर नावाच्या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवलं होतं. विमानं यायच्या दीडशे वर्षं आधी.

दुरुस्ती हीच केली. पुढच्या दांडीच्या मध्यापासून मागे पंखाच्या मुळापर्यंत एक बारीक टेकू बसवला. ते शेजारच्याचं बोट. विमानाच्या वजनात तो मोजायचाही नाही. मांडवाच्या उंच वाशाला मधे आडवी काठी बांधणाऱ्या आपल्या गड्याने ऑयलर वाचलेला नसतो, पण काठी तो बांधतोच. बड्या बड्या इंजिनिअरांना ती सुचायला तीन वर्षं आणि इतकी माणसं का लागावीत, यावर मी पुष्कळ डोकं खाजवलं आहे. माझ्यापुरतं उत्तर असं, की दांडी ओढण्यासाठीच आहे असं एकदा मनात बसलं, की ती कधी दाबली जाईल हे डोळ्यांसमोर येत नाही. आणि वैमानिकाला दोष दिला की शोधायचंही थांबतं. त्या विद्यार्थिनीला परीक्षेत 'कॉलम बकलिंग' आलं, तर उत्तरात हीर लिहायला हरकत नाही.

हिंकलरचं सांगायचं राहिलंच. ज्याचा विक्रम गाठण्यासाठी ॲमी धावत होती, तो ७ जानेवारी १९३३ रोजी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाला. एकटाच, पस मॉथ घेऊन. इटलीतल्या प्रातोमान्यो डोंगरात तो सापडला तेव्हा बर्फ वितळून एप्रिल संपत आला होता.

आणि तरीही त्याच १९३३ साली टाटांची टपालविमानं १,६०,००० मैल उडाली, १५५ प्रवासी आणि दहाएक टन टपाल घेऊन.

या सगळ्यापायी मला जडलेला रोग म्हणजे पस मॉथचा जुना फोटो दिसला की मी माणसांकडे बघत नाही. फेटा कोणाचा, हार कोणाच्या गळ्यात, काही नाही. आधी पंखाखाली बोट फिरवतो आणि पुढच्या दांडीच्या मध्यावर तो बारीक टेकू आहे का ते शोधतो. तुमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत तसा एखादा फोटो असेल तर भिंगातून पाहा आणि मला कळवा.

फुगा पुढच्या रविवारी सोडू.