खिडकीपलीकडचा माणूस

सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयात जत्राच. अशाच एका सोमवारी साठी ओलांडलेल्या एक आजी केसपेपर घेऊन परत माझ्या टेबलापाशी आल्या. "डॉक्टरसाहेब, खिडकीतल्या मॅडम गोळ्याच देईनात. साहेबांना परत विचारून या म्हणतात." तासभर औषधाच्या रांगेत उभं राहून हेलपाटा पडल्यानं त्या वैतागल्या होत्या. खरं सांगायचं तर मलाही राग आला. समोर रांग असताना ही शंका कशाला?

केसपेपर पाहिला आणि राग उतरला. आजींना आमवात होता. त्यासाठी मी मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड लिहिलं होतं. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. घाईत फॉलिक अ‍ॅसिडपुढचं 'रोज एक' मेथोट्रेक्सेटपुढेही उतरलं होतं. हे औषध रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार होण्याचं काम मंदावतं, जंतुसंसर्ग होतो आणि जीवही जाऊ शकतो. चूक माझी होती, पकडली औषधनिर्मातीनं.

मी आजींना हे समजावून सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "असेल बाई. पण ती काय डॉक्टर आहे का?"

हा प्रश्न फक्त आजींचा नाही. फार्मासिस्टकडे आपण दोनच नजरांनी पाहतो. डॉक्टरांची चिठ्ठी हातात असली की तो निव्वळ दुकानदार. लिहिलंय ते काढून द्यावं, बिल करावं, प्रश्न विचारू नयेत. चिठ्ठी नसली की तोच फुकटचा डॉक्टर, "अंग दुखतंय, दोन दिवसांच्या गोळ्या द्या." या दोन्ही नजरा चुकीच्या आणि दोन्ही महागात पडणाऱ्या आहेत.

आपल्याकडे १९४८ पासून फार्मसी कायदा आहे. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्याच्या देखरेखीखालीच दिलं जावं, अशी कायद्याची अपेक्षा आहे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेऊन तो इथं येतो. औषध शरीरात काय करतं, दुसऱ्या औषधाशी त्याचं जमतं की नाही, मात्रा किती, हा त्याच्या अभ्यासाचाच विषय. अनेक दुकानांत प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर असते आणि ते ज्याचं, तो माणूस जागेवर नसतो, हेही खरं. पण त्याबद्दल आपण कधी विचारतो का?

वॉर्डात वारंवार दिसणारं एक उदाहरण सांगतो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी अनेकजण घेतात. गुडघे दुखू लागले की परस्पर डायक्लोफिनॅक सुरू होतं. ही तिन्ही औषधं एकत्र आली, त्यात वय झालेलं असलं किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, की मूत्रपिंडाला फटका बसतो. सूज येते, लघवी कमी होते, क्रिएटिनिन वाढतं. काउंटरवर "रक्तदाबाची गोळी चालू आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर यातले काही रुग्ण माझ्यापर्यंत पोहोचलेच नसते.

मग तो विचारत का नाही? कारण विचारलेलं आपल्याला आवडत नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नाकारणारा दुकानदार 'शिष्ट' ठरतो आणि आपण शेजारच्या दुकानात जातो. न विचारता देणारा 'मदत करणारा' ठरतो. काही अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची आणि सवय लागू शकणारी काही औषधं २०१४ पासून 'एच-१' या यादीत आहेत. ती विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. म्हणजे चिठ्ठी मागणारा फार्मासिस्ट आपली अडवणूक करत नसतो, कर्तव्य करत असतो.

तेव्हा पुढच्या वेळी औषध घेताना घाई करू नका. चार गोष्टी विचारा: ही गोळी कशासाठी आहे? कधी, किती आणि किती दिवस घ्यायची? माझ्या चालू औषधांबरोबर चालेल का? एखादा डोस चुकला तर काय करायचं? चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दुप्पट जातंय का, तेही विचारून घ्या. श्वासाचा पंप कसा ओढायचा, इन्सुलिन कुठं ठेवायचं, हेही तिथंच विचारता येतं. मात्र आजाराचं निदान त्याच्याकडून करून घेऊ नका. ताप उतरत नसेल, छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर डॉक्टरकडेच या.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. औषधाच्या खिडकीतून फोन आला, तर आवाज चढवू नका.

त्या दिवशी ओपीडी संपल्यावर मी खिडकीपाशी जाऊन मॅडमचे आभार मानले. त्या क्षणभर गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, आम्हाला वाटलं, तुम्ही रागवायला आलात." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्या खिडकीशी बहुतेकदा रागवायलाच गेलो होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.