दोन शिवराई, एकच ओरखडा

परवा रात्री मामाचा मेसेज आला : "ही शिवराई लिलावात आहे. उद्या दुपारी बोली बंद होते. घेऊ का?" सोबत दोन फोटो. माझं पीएचडीचं काम धातूंच्या पृष्ठभागावर आहे, नाण्यांवर नाही. पण घरच्यांच्या मते मायक्रोस्कोप वापरणाऱ्याला सगळंच कळतं. त्यात मामानं याच विक्रेत्याकडून गेल्या महिन्यात एक शिवराई घेतली होती. म्हणून बसले.

पहिली गोष्ट, प्रकाश. तिरपा प्रकाश टाकला की अक्षरांचा उठाव दिसतो, ओरखडेही दिसतात. सगळीकडून मऊ प्रकाश टाकला की ओरखडे गायब! म्हणजे फोटो "स्वच्छ" दिसतो तेव्हा नाणं स्वच्छ आहे की प्रकाशयोजना, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. आणखी एक गंमत : आपला मेंदू प्रकाश वरूनच येतो असं धरून चालतो. फोटो उलटा फिरवून बघा, उठलेली अक्षरं खोदल्यासारखी वाटू लागतात. मायक्रोस्कोपच्या प्रतिमा वाचताना मीही यात फसले आहे.

मग मी मामाला त्याच्याकडच्या नाण्याचा फोटो पाठवायला सांगितला. दोन्ही शेजारी ठेवले. "श्री राजा शिव" तंतोतंत सारखं. मी लगेच "नकली!" म्हणणार होते, आणि तिथेच चुकले असते. शिवराई ठशानं, हातोडीनं ठोकलेली. एकाच ठशातून निघालेल्या दोन खऱ्या नाण्यांची अक्षरं सारखीच असणार. ते साम्य काहीच सिद्ध करत नाही.

मग वेगळं काय असायला हवं? चकती. ती हातानं बनवलेली, त्यामुळे प्रत्येकीचा आकार थोडा वेडावाकडा. ठसाही प्रत्येक वेळी थोडा सरकून बसतो, कधी अर्धं अक्षर कडेबाहेर जातं. आणि वापरातले ओरखडे तर ज्याचे त्याचे. इथे मात्र कडेची खोक तीच, "राजा"वरून जाणारा ओरखडाही तोच.

आता दोनच शक्यता उरल्या. एक, विक्रेत्यानं मामाच्याच नाण्याचा जुना फोटो पुन्हा वापरला. दोन, एका नाण्यावरून साचा करून दोन्ही ओतली. साचा ओरखड्यांसकट नक्कल करतो. पहिली शक्यता तपासायला विक्रेत्याचा गेल्या महिन्यातला फोटो काढला (मामा काही डिलीट करत नाही, बरं झालं). सावल्या वेगळ्या दिशेला होत्या. म्हणजे फोटो तरी वेगळा काढलेला. आणि आजचा फोटो त्याच नाण्याचा, पण तेव्हाच वेगळ्या कोनातून काढून ठेवलेला असेल तर? ही पळवाट मला फोटोंवरून बंद करता आली नाही.

अक्षरांचा बोथटपणा मी पुरावा धरला नाही, कारण झिजलेलं खरं नाणंही बोथटच असतं. त्यापेक्षा कड बघायला हवी होती : ओतीव नाण्याच्या कडेवर जोड किंवा तो घासून काढल्याच्या खुणा राहू शकतात. पण लिलावात कडेचा फोटोच नव्हता, वजनही लिहिलेलं नव्हतं. मामाला विक्रेत्याकडे दोन्ही मागायला लावलं. उत्तर आलं, "फोटोत दिसतंय तेच मिळेल."

मामानं बोली लावली नाही. घरातली शिवराई मात्र रविवारी घेऊन येतोय, लॅबचा तराजू दाखव म्हणतो.