जुन्या यॉटचं डिझेल नेमकं कुठे जातं?

समुद्रावरची इंजिनं : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाची रचना पाहिली. त्यावरून पुढचा प्रश्न साहजिकच येतो : हे इंजिन डिझेल किती खातं? 1970-80 च्या दशकांतल्या अमेरिकन मोटर यॉटबद्दल एक मत पक्कं रुजलं आहे. बोट देखणी, हल भक्कम, किंमत आवाक्यातली. पण आत जुनी डेट्रॉईट डिझेल बसवलेली, म्हणजे टाकी भरता भरता मालकाचं दिवाळं निघणार. हे मत अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोक भलत्याच ठिकाणी पैसा ओततात.

जनरल मोटर्सने डेट्रॉईट डिझेलची ही दोन-स्ट्रोक 71 मालिका 1938 मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींपैकी अनेकींत याच मालिकेचं सहा सिलिंडरचं, 225 अश्वशक्तीचं इंजिन होतं. युद्धानंतर ट्रक, बस, ट्रॅक्टर, मच्छीमार बोटी, सगळीकडे ते पसरलं. सुटे भाग मिळायला सोपे, दुरुस्ती येणारे मेकॅनिक गावोगाव. त्यामुळे हॅटरस किंवा बर्ट्रमसारख्या यॉट बांधणाऱ्यांनी तेच निवडलं, यात नवल नाही. त्यातलं आठ सिलिंडरचं 8व्ही71 आपण नमुन्यादाखल घेऊ. 9.3 लिटरचं, साधारण 350 अश्वशक्तीचं, आणि एका यॉटमध्ये अशी दोन.

दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टन स्वतः हवा ओढून घेत नाही. गिअरवर फिरणारा ब्लोअर ती सिलिंडरमध्ये ढकलतो आणि तो फिरवायची शक्ती इंजिनातूनच जाते. शिवाय जळलेला वायू बाहेर काढायला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडावे लागतात, म्हणजे तापलेल्या वायूकडून पूर्ण काम करून घ्यायच्या आधीच त्याला वाट मोकळी होते. या दोन्हींची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे 0.21 लिटर. आजच्या कॉमन रेल इंजिनाला 0.18 लिटरच्या आसपास पुरतं. फरक आहे, नाही असं नाही. पण तो पंधरा-सोळा टक्क्यांचा आहे, दुपटी-तिपटीचा नाही.

आणि जुनं म्हणजे उधळं, हेही खरं नव्हे. मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला बनलेलं गार्डनर 6एलएक्सबी 1960 च्या दशकातलं आहे. 10.45 लिटर, 1850 फेऱ्यांना 180 अश्वशक्ती. ना टर्बो, ना इलेक्ट्रॉनिक्स. तरी इंधनातल्या उष्णतेपैकी जवळजवळ 40 टक्के ते शाफ्टवर देतं. इंग्लंडच्या बसगाड्यांत आणि मच्छीमार बोटींत त्याचा दबदबा होता तो यामुळेच. अशा इंजिनाला वयावरून नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

मग डिझेल जातं कुठे? बहुतेक पाण्यात, म्हणजे लाटा उठवण्यात. बोट चालते तेव्हा नाळेपाशी लाट उठते आणि वेग वाढेल तशी ती लांब होते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. हा वेग काढायची रीत सोपी आहे : पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. 49 फुटांचं वर्गमूळ 7. म्हणजे सुमारे 9.4 नॉट. इथपर्यंत बोट थोडक्यात भागवते. त्यापुढच्या प्रत्येक नॉटला वाढती किंमत पडते.

पाण्यालगत 49 फूट आणि वजनाने सत्तावीस-अठ्ठावीस टन असलेली यॉट धरू. 9 नॉटला तिला साधारण 120 अश्वशक्ती लागेल. हलक्या भारावर जुनी इंजिनं जरा जास्तच खातात, म्हणून तासाला 30 लिटर धरा. तीच यॉट दोन्ही इंजिनं पूर्ण जोरावर नेऊन 16 नॉटने पळवली, तर तासाला 150 लिटर. आता शंभर सागरी मैलांची मजल करा. 16 नॉटने सव्वासहा तासांत सुमारे 940 लिटर, 9 नॉटने अकरा तासांत 330. नवीकोरी इंजिनं बसवून 16 नॉटनेच गेलात तर 790 च्या आसपास. थोडक्यात, इंजिन बदलून दीडशे लिटर वाचतात आणि थ्रॉटल मागे घेऊन सहाशे.

दोन नवी इंजिनं, गिअरबॉक्स, जुनी बाहेर काढण्यासाठी करावी लागणारी कापाकापी, हा सगळा खर्च कोटीच्या घरात जातो. 9 नॉटने वर्षाला दोनशे तास फिरणाऱ्या माणसाचे त्यातून फार तर हजार लिटर वाचतील. धूर, तेलगळती, आवाज यांसाठी इंजिन बदलायचं असेल तर जरूर बदलावं. ती कारणं खरी आहेत, आणि धुराचं कारण तर आपल्यापेक्षा बंदरात राहणाऱ्यांच्या हिताचं आहे. डिझेलच्या बचतीचं कारण मात्र पुढे करू नये.

खप मोजायची गोष्ट आणखी नाजूक आहे. या इंजिनांत पंप इंजेक्टरकडे गरजेपेक्षा कितीतरी जास्त डिझेल पाठवतो. जळेल तेवढं जळतं. बाकीचं इंजेक्टर थंड करत गरम होऊन टाकीत परततं. म्हणून फ्लो मीटर दोन लागतात, एक जाणाऱ्या नळीवर, एक येणाऱ्या नळीवर, आणि वजाबाकी म्हणजे खप. समजा एका इंजिनाकडे तासाला 150 लिटर गेले, 135 परतले. जळाले 15. आता प्रत्येक मीटर फक्त दोन टक्के चुकलं, एक जास्त दाखवणारं, दुसरं कमी, तर चूक 3 अधिक 2.7, म्हणजे 5.7 लिटर होते. खपाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! त्यात परतणारं डिझेल गरम असल्याने फुगलेलं असतं, ते वेगळंच. पडद्यावर दशांशासकट झळकणाऱ्या आकड्यावर म्हणूनच विसंबू नये. टाकी काठोकाठ भरावी, पन्नास-साठ तास बोट चालवावी, पुन्हा काठोकाठ भरावी आणि पंपावरचे लिटर तासांनी भागावेत. मंद रीत आहे, पण ती खोटं बोलत नाही.

खप एकाएकी वाढला तर आधी बोटीच्या खाली बघावं. प्रोपेलरवर शंखशिंपल्यांचा नुसता पातळ थर बसला तरी इंजिनाला ओझं होतं. मग धूर बघावा : काळा म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे वंगणतेल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. एअर फिल्टर आणि झिजलेले इंजेक्टर यांचा नंबर त्यानंतर.

धीम्या चालीचंही एक पथ्य आहे. भार फारच कमी राहिला तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळलेल्या डिझेलचा चिकटा व्हॉल्व्हवर आणि एक्झॉस्टमध्ये साचतो. पाणी तापलेलं ठेवणारा थर्मोस्टॅट ठीक असावा आणि मजल संपता संपता थोडा वेळ इंजिन भारावर पळवून घ्यावं. त्यात जाणारं डिझेल सत्कारणी लागतं.

या सगळ्या हिशेबात जनरेटर धरलेला नाही. नांगर टाकून उभ्या असलेल्या यॉटवर एसी, फ्रीज, दिवे यांच्यासाठी तो रात्रंदिवस चालतो. तासाला चार लिटर धरले तरी दिवसाचे 96, म्हणजे 9 नॉटने तीन तासांहून जास्त चालण्याएवढे. त्याची सविस्तर फोड पुढच्या लेखांकात.