शिसेविरहित सोल्डर तार : महाविद्यालयीन इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती सर्वांत आधी येणारी आणि पाठ्यपुस्तकात सर्वांत कमी जागा मिळवणारी वस्तू म्हणजे सोल्डरची तार. ट्रान्झिस्टरला स्वतंत्र प्रकरण असते; तो ज्या धातूने पीसीबीवर बसवला जातो, त्याची प्रात्यक्षिकाच्या वहीत एका ओळीत बोळवण होते. प्रस्तुत लेखकाच्या विभागात शिसेयुक्त तार बंद करून शिसेविरहित तार आणली गेली, तिचे निमित्त साधे होते. विभागातील ज्येष्ठ प्रयोगशाळा सहायक एका हातात आयर्न आणि दुसऱ्या हातात चिमटा असल्यामुळे तार दातांत धरून काम करीत, आणि त्यांचे पाहून विद्यार्थीही तसेच करू लागले होते. त्या तारेत दर १०० ग्रॅममागे सुमारे ४० ग्रॅम शिसे होते. नवी तार आल्यावर मात्र पहिल्याच सत्रात पुष्कळ सांधे कच्चे निघाले, बिटा लवकर झिजल्या आणि ‘जुनीच तार बरी होती’ असे विभागात उघडपणे बोलले जाऊ लागले. हे मत का निर्माण झाले व ते कितपत ग्राह्य आहे, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सांध्याचे रसायन

डाखकामाचे तत्त्व महाराष्ट्रातील जुन्या घरांना अपरिचित नाही. कल्हईवाला तांब्या-पितळेचे भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो. नवसागर पृष्ठभागावरील ऑक्साइड दूर करतो आणि मग कथील स्वच्छ धातूवर पसरते. सोल्डरच्या तारेत नवसागराचे काम तिच्या गाभ्यात भरलेली राळ, म्हणजेच फ्लक्स, करते. कथील तांब्यावर नुसते चिकटत नाही. दोहोंच्या सीमेवर कथील व तांबे यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि सांधा खऱ्या अर्थाने त्या थरामुळे धरतो.

शिसे या अभिक्रियेत भाग घेत नाही. मग ते तारेत कशासाठी होते? शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला आणि शिसे ३२७ अंशांना वितळते. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचे संमिश्र १८३ अंशांनाच, तेही एकदम, वितळते. अशा संमिश्रास युटेक्टिक म्हणतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्रास मिळणारी ६०:४० तार याच्या अगदी शेजारची होय. शिशामुळे पृष्ठताण कमी होऊन वितळलेला धातू चटकन पसरतो. शिवाय शिसे कथलापेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

शिसे शरीरात कसे जाते

या बाबतीत विद्यार्थ्यांमध्ये, आणि स्पष्टच बोलायचे तर प्राध्यापकांमध्येही, एक गैरसमज आढळतो. सोल्डरिंग करताना उठणारा पांढरा धूर शिशाचा आहे असे मानले जाते. शिशाचा उत्कलनांक सुमारे १७५० अंश आहे. आयर्नच्या ३५० ते ४०० अंश तापमानास त्याची वाफ नगण्य असते. तो धूर राळेचा असतो. राळेच्या धुरानेही श्वसनमार्गाचा दाह होतो व दीर्घकाळच्या संपर्काने दमा जडू शकतो, परंतु हा दोष दोन्ही प्रकारच्या तारांत समान आहे. शिसेविरहित तार घेतली म्हणून खिडकी बंद ठेवता येत नाही.

शिसे जाते ते बोटांवरून तोंडात. तार हाताळताना बोटांवर शिशाचा अंश लागतो, बिट पुसताना उडालेले कण टेबलावर पडतात आणि त्याच टेबलावर मधल्या सुट्टीत डबा उघडला जातो. शिसे मज्जासंस्थेस अपायकारक असून शरीरात गेल्यावर मोठ्या प्रमाणात हाडांमध्ये साठते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. आठवड्यातून एकदा प्रात्यक्षिक करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा रोज सहा बॅचेस सांभाळणाऱ्या सहायकाला हा धोका कितीतरी अधिक आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

कायद्याचा विचार थोडक्यात करता येईल. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर वजनाच्या ०.१ टक्के ही मर्यादा घातली. भारतात २०११ च्या ई-कचरा नियमांतील तशीच तरतूद १ मे २०१४ पासून लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या नियमांतही ती कायम आहे. हे नियम बाजारात येणाऱ्या उपकरणांसाठी आहेत. प्रयोगशाळेसाठी तार विकत घेणाऱ्या महाविद्यालयाला त्यांची झळ लागत नाही, आणि म्हणूनच उद्योगात जे केव्हाच बदलले ते आपल्याकडे बदलले नाही.

पर्यायी संमिश्रे

सर्वाधिक प्रचलित पर्याय कथील, चांदी व तांबे यांचा आहे. ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे असे प्रमाण असलेली तार ‘सॅक ३०५’ या नावाने मिळते आणि सुमारे २१७ ते २२० अंशांना वितळते. एक किलो तारेत जवळपास ३० ग्रॅम चांदी असल्याने तिची किंमत वेगळी सांगावयास नको. दुसरा पर्याय ९९.३ टक्के कथील व ०.७ टक्के तांब्याचा; तो २२७ अंशांना वितळतो व स्वस्त पडतो. त्यात किंचित निकेल घातल्यास सांधे अधिक नितळ येतात. महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकाला हाच प्रकार परवडतो. शिसेविरहित तारेची घनता कमी असल्यामुळे (सॅक ३०५ ची ७.४, तर ६३:३७ ची ८.४) तेवढ्याच वजनात आणि जाडीत तारेची लांबी थोडी अधिक मिळते, ही गोष्ट खरेदी समितीपुढे मांडण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष कामातील अडचणी

द्रवणांक ३५ ते ४५ अंशांनी वाढला, हे सर्व तक्रारींचे मूळ होय. आपल्याकडील २५ वॅटच्या साध्या आयर्नला तापमाननियंत्रण नसते. जाड तांब्याच्या पट्टीला बिट टेकवताच तिचे तापमान उतरते आणि शिसेयुक्त तारेला पुरणारी उष्णता इथे अपुरी पडते. यावर विद्यार्थी जो उपाय करतो तो नेमका उलटा असतो. नियंत्रित स्टेशन हाती आले की तो तापमान ४५० अंशांपर्यंत चढवतो. परिणामी धातू पसरण्याआधीच फ्लक्स जळून जातो, बिट काळी पडते आणि पीसीबीवरील तांब्याचे पॅड उखडते. ३५० ते ३७० अंश पुरेसे असतात. गरज असते ती रुंद, चपट्या टोकाच्या बिटची, जी पॅड आणि घटकाचा पाय या दोहोंना एकाच वेळी टेकेल, आणि दोन-तीन सेकंद अधिक धीर धरण्याची.

बिट झिजण्याचे कारणही कथीलच. वितळलेले कथील तांबे विरघळवते आणि कथलाचे प्रमाण व तापमान वाढले की हा वेग वाढतो. साध्या तांब्याच्या बिटा म्हणूनच एका सत्रात खड्डे पडून निकामी होतात. लोखंडाचा मुलामा दिलेली बिट वापरावी, काम नसताना तिच्यावर सोल्डरचा थर ठेवावा आणि आयर्न बंद करावे.

तिसरी अडचण परीक्षकांची आहे. चकचकीत सांधा चांगला व निस्तेज सांधा ‘ड्राय’, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. शिसेविरहित सांधा निवल्यावर स्वभावतःच किंचित खरबरीत व निस्तेज दिसतो. अशा निर्दोष सांध्यांचे गुण कापलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. चकाकीऐवजी कड पाहावी : धातू पॅडवर उतरत्या कडेने पसरला असेल तर सांधा धरला आहे, थेंबासारखा गोल उभा असेल तर नाही.

जुनी यंत्रे आणि तारेची परीक्षा

शिसेयुक्त तार प्रयोगशाळेतून पूर्णतः हद्दपार करावी, असे मात्र म्हणता येत नाही. जुन्या ऑसिलोस्कोपच्या पीसीबीवर शिसेयुक्त सांधे असतात व दुरुस्तीत दोन संमिश्रे मिसळणे इष्ट नसते. विशेषतः बिस्मथयुक्त कमी तापमानाच्या सोल्डरमध्ये शिसे मिसळले तर सुमारे ९६ अंशांनाच वितळणारा अंश तयार होऊ शकतो. अवकाश व संरक्षण क्षेत्रांत शिशाचा आग्रह अद्याप टिकून आहे, तोही अकारण नाही. शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसासारखे बारीक तंतू वाढून लघुपरिपथ होतो. १९९८ मध्ये ‘गॅलेक्सी ४’ हा उपग्रह निकामी झाला, त्याचे कारण असेच तंतू मानले जाते. दुरुस्तीसाठी शिसेयुक्त तारेचे एक रीळ, वेगळी बिट व वेगळा स्पंज कुलपात ठेवणे हा आमच्या विभागाने काढलेला मार्ग आहे.

रिळावरील छापील शब्दांवर विसंबू नये, हे आम्ही अनुभवाने शिकलो. ‘लेड फ्री’ असे ठळक छापलेले एक रीळ विद्यार्थ्यांना फारच आवडले. सांधे झटपट व चकचकीत येत होते. संशय आल्यावर तारेचे काही तुकडे चिनीमातीच्या मुशीत घालून, त्यांत के प्रकारचे थर्मोकपल बुडवून सावकाश तापवले. तापमान कोठे थबकते ते पाहावयाचे. (निववताना पाहू नये, कथील द्रवणांकाच्या बरेच खाली जाऊनही द्रवच राहते व वाचन फसवे येते.) २१७ किंवा २२७ च्या आसपास काटा थांबावयास हवा होता. तो १८३ वर थांबला. आता प्रत्येक नव्या रिळाची ही चाचणी प्रथम वर्षाचे विद्यार्थीच करतात आणि मिळालेला आकडा रिळावर चिकटवतात.