गणवेशातून मंत्रिपदाकडे : जनरल जगन्नाथराव भोसले

सैन्यात अधिकारी म्हणून काम केलेल्या व्यक्तीकडे पुढे संरक्षण खाते येणे ही भारतात फार क्वचित घडलेली गोष्ट आहे. इस्रायलमध्ये माजी सरसेनापती मोशे दायान १९६७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. अमेरिकेत निवृत्तीनंतर ठराविक वर्षे उलटल्याशिवाय लष्करी अधिकाऱ्याला हे पद मिळू नये असा कायदा असल्याने १९५० मध्ये जनरल जॉर्ज मार्शल यांच्यासाठी खास सवलत द्यावी लागली. भारतात असा कायदा नाही. तरीही सैन्य हे लोकनियुक्त मुलकी सत्तेच्या आज्ञेत राहिले पाहिजे हे तत्त्व इतके रुजले, की यशवंतराव चव्हाण, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार हे महाराष्ट्राचे संरक्षणमंत्री, तसेच नागपूर जिल्ह्यातील रामटेकचे खासदार म्हणून १९८५ मध्ये हे खाते सांभाळणारे पी. व्ही. नरसिंह राव, हे सारे मुलकी राजकारणातूनच आले. २००१ मध्ये काही महिने या पदावर असलेले मेजर जसवंत सिंह हा ठळक अपवाद होय. मात्र त्यांच्या कितीतरी आधी एका मराठी सेनाधिकाऱ्याने दोन वेगवेगळ्या सरकारांत मंत्री म्हणून काम केले होते, आणि त्याचे नाव आज महाराष्ट्रातही फारसे घेतले जात नाही.

जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांचा जन्म १९०६ मध्ये सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी झाला. त्या काळी हिंदी माणसाला सैन्यात शिपाई होता येई, सुभेदारही होता येई. परंतु ‘किंग्ज कमिशन’, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचा दर्जा देणारी राजाची सनद, त्याला जवळजवळ बंदच होती. पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्ट येथील इंग्लंडच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा राखण्यात आल्या, आणि त्यांची पूर्वतयारी करून घेण्यासाठी १९२२ मध्ये देहरादून येथे शाळा उघडण्यात आली. भोसले याच शाळेतून सँडहर्स्टला गेले.

ही वाट किती अरुंद होती याची जाणीव नागपूरला विशेष होती, कारण ती रुंद करण्यासाठी झगडणाऱ्यांत नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे अग्रभागी होते. बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलेल्या या नेत्रवैद्याने सैन्याच्या अधिकारीवर्गाचे हिंदीकरण व्हावे ही मागणी गोलमेज परिषदेत मांडली. १९३१ मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीतही ते होते, आणि तिच्या शिफारशींमधून १९३२ मध्ये देहरादूनची इंडियन मिलिटरी अकादमी उभी राहिली. मुंजे आणि भोसले यांचे मार्ग राजकीयदृष्ट्या अगदी वेगळे होते, हे खरे. परंतु ज्या प्रश्नासाठी मुंजे समित्यांमध्ये भांडत होते, तो प्रश्न भोसले यांच्यासारखे मोजके अधिकारी पलटणीत रोज जगत होते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले, तेव्हा लेफ्टनंट कर्नल भोसले तेथे शरण आलेल्या सैन्यातील वरिष्ठ हिंदी अधिकाऱ्यांपैकी एक होते. युद्धकैदी झालेल्या हजारो हिंदी सैनिकांमधून कॅप्टन मोहनसिंग यांनी उभारलेली पहिली आझाद हिंद सेना त्याच वर्षाच्या अखेरीस जपान्यांशी झालेल्या मतभेदांमुळे मोडली. त्यानंतर सेनेची घडी पुन्हा बसवण्यासाठी लष्करी विभागाचे संचालकपद भोसले यांच्याकडे आले. सुभाषचंद्र बोस जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला पोहोचले, तेव्हा त्यांच्या हाती सैन्य म्हणण्याजोगे काही उरले होते, याचे बरेच श्रेय या काळातील कामाला द्यावे लागते. नेताजींच्या वक्तृत्वाने भारावलेल्या इतिहासलेखनात या संघटनकार्याला मिळालेली जागा फारच अपुरी आहे.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. पंतप्रधानपदाबरोबर युद्धखातेही नेताजींनी स्वतःकडे ठेवले, आणि सैन्याचे प्रतिनिधी म्हणून आठ अधिकाऱ्यांना मंत्रिमंडळात घेतले; भोसले त्यांपैकी एक होते. पुढे मेजर जनरल म्हणून त्यांनी ‘चीफ ऑफ स्टाफ’, म्हणजे सेनापतीच्या वतीने साऱ्या सैन्याच्या योजना, पुरवठा आणि शिस्त पाहणारा मुख्य अधिकारी, ही जबाबदारी सांभाळली. एकच माणूस गणवेशातही आणि मंत्रिमंडळातही, ही रचना निर्वासित सरकारच्या अडचणीतून जन्मलेली होती. स्वतंत्र भारताने ती स्वीकारली नाही आणि ते योग्यच केले. मात्र आझाद हिंद सेनेतील अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतले गेले नाही. सैन्याच्या शिस्तीचे कारण त्यासाठी पुढे केले गेले असले, तरी देशासाठी सर्वस्व पणाला लावलेल्या माणसांवर हा अन्यायच होता.

परतीची वाट बंद झालेल्या भोसले यांनी निवडणुकीचा मार्ग धरला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले, आणि पंडित नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केले. उपमंत्री हा मंत्रिपरिषदेतील सर्वांत कनिष्ठ दर्जा. खात्याच्या प्रमुख मंत्र्याला साहाय्य करणे हे त्याचे काम. ज्याने एका सैन्याची घडी बसवली होती त्याला संरक्षण खात्यात कनिष्ठ जागाही मिळाली नाही, याची रुखरुख वाटल्याशिवाय राहत नाही. तरीही मिळालेल्या खात्यात त्यांनी जे केले ते कोणत्याही संरक्षणमंत्र्याने अभिमानाने सांगावे असे होते. फाळणीत घरदार गमावलेल्या कुटुंबांच्या वसाहतींमध्ये मुलांना निवारा आणि अन्न मिळत होते, पण आयुष्याचा विस्कटलेला क्रम परत मिळत नव्हता. दिल्लीतील कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या संस्थेत भोसले यांनी १९५४ मध्ये अशा मुलांसाठी कवायत, सामुदायिक व्यायाम, राष्ट्रगीते आणि नागरिकत्वाचे धडे यांचा रोजचा कार्यक्रम सुरू केला. ‘राष्ट्रीय शिस्त योजना’ या नावाने तो पुढे अनेक राज्यांतील शाळांमध्ये पसरला. हाती शस्त्र न देता सैनिकी जीवनातील नियमितपणा आणि परस्परांवरचा विश्वास मुलांपर्यंत नेणे, हे या योजनेचे मर्म होते.

१९६३ मध्ये जनरल भोसले यांचे निधन झाले. शाळांमधून एकाच वेळी चालणाऱ्या अशा निरनिराळ्या योजनांचा विचार करण्यासाठी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमलेली होती. तिच्या शिफारशींनंतर राष्ट्रीय शिस्त योजना स्वतंत्र राहिली नाही, ती शारीरिक शिक्षणाच्या एकत्रित कार्यक्रमात विलीन झाली. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेले राष्ट्रीय छात्रसेनेचे दल मात्र टिकले, आणि त्याच्या तुकड्यांचे नेतृत्व करणाऱ्या शिक्षकांना नागपूरजवळच्या कामठी येथील प्रशिक्षण अकादमीत आजही कवायतीचे आणि नेतृत्वाचे धडे दिले जातात.