सैल सांध्यातील उष्णता आणि तिचे गणित

घरातील विजेच्या मंडलात वितळतार बसविलेली असली म्हणजे आगीचे भय उरले नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु वितळतारेचे कार्य मर्यादित आहे. प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला तरच ती वितळते व मंडल खंडित करते. ज्या दोषात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो, तो दोष तिला कळणे शक्य नाही. सैल झालेला सांधा हा असाच दोष होय. विद्युत्-दाब व विद्युत्-प्रवाह या दोन मापांवरून तो कसा उकलतो, हे येथे पाहावयाचे आहे.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाचा पाया घातला. तापमान कायम असता धातूच्या वाहकातील प्रवाह त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या प्रमाणात असतो, हा त्यांचा नियम. दाबाला प्रवाहाने भागिले असता वाहकाचा रोध मिळतो. दाब व्होल्टमध्ये व प्रवाह अँपिअरमध्ये मोजला, तर रोध ओहममध्ये येतो. पुढे १८४१ साली इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी असे दाखविले की, वाहकात दर सेकंदास उत्पन्न होणारी उष्णता त्याचा रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. यावरून शक्तीची दोन रूपे मिळतात: दाब गुणिले प्रवाह, किंवा प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. दोहोंचे उत्तर वॅटमध्ये येते.

आता २३० व्होल्ट दाबावर २,००० वॅट शक्ती घेणाऱ्या विजेच्या शेगडीचे उदाहरण घेऊ. शक्तीला दाबाने भागिले असता प्रवाह सुमारे ८.७ अँपिअर येतो. दाबाला त्या प्रवाहाने भागिले असता शेगडीचा रोध २६.४५ ओहम ठरतो. शेगडी वाटप-फळीपासून १० मीटर अंतरावर असून तेथपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार नेली आहे, असे मानू. जाणारी व परतणारी मिळून तारेची लांबी २० मीटर आणि तिचा रोध सुमारे ०.२३ ओहम होतो. त्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह ८.६२ अँपिअर राहतो आणि तारेत सुमारे १७ वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. ही उष्णता २० मीटर लांबीवर विखुरलेली असल्याने तिच्यापासून अपाय होत नाही.

याच मंडलातील प्लगच्या जोडणीचा स्क्रू सैल होऊन तेथे अर्ध्या ओहमचा रोध उत्पन्न झाला, तर प्रवाह ८.४६ अँपिअरपर्यंत उतरतो. १० अँपिअरची वितळतार स्वस्थ राहते. तिच्या जागी आज सर्वत्र दिसणारा स्वयंचलित खटकाही पडत नाही. मात्र प्रवाहाच्या वर्गाला अर्ध्या ओहमने गुणिले असता सुमारे ३६ वॅट येतात. छोट्या डाखणीच्या टोकात जितकी उष्णता असते, त्या मानाची उष्णता येथे स्क्रूच्या माथ्याएवढ्या जागी साठत जाते. तिने धातूचा पृष्ठभाग काळवंडतो, स्पर्श अधिकच बिघडतो व रोध वाढतो. रोध १ ओहम झाला की प्रवाह ८.३१ अँपिअर होतो, पण सांध्यातील उष्णता ६९ वॅटपर्यंत चढते. प्रवाह घटत असता धोका जवळजवळ दुप्पट होतो, हे येथील मर्म आहे.

मापनाने हा दोष उघड होतो. सांध्याचा रोध अर्धा ओहम असताना वाटप-फळीवर २३० व्होल्ट, शेगडीच्या टोकांशी २२३.८ व्होल्ट व प्रवाह ८.४६ अँपिअर अशी मापे मिळतील. दाबातील ६.२ व्होल्टच्या घटीस प्रवाहाने भागिले असता ०.७३ ओहम येतात. त्यांतून तारेचे ०.२३ ओहम वजा केले की उरलेला अर्धा ओहम सांध्याचा. ही मापे चालू मंडलावर घ्यावयाची असल्याने ती जाणकार वायरमननेच घेतली पाहिजेत. शेगडी बंद असताना मात्र दोन्ही ठिकाणी दाब सारखाच दिसतो. कारण प्रवाहाविना दाब घटत नाही. म्हणून ‘दाब पुरेसा आहे’ एवढ्यावरून जोडणी निर्दोष ठरविणे चूक होय.

या गणिताच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. शेगडीतील निक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. टंगस्टनच्या दिव्याचा मात्र कित्येक पटींनी वाढतो. २३० व्होल्टच्या १०० वॅट दिव्याचा रोध पेटलेल्या स्थितीत ५२९ ओहम असला, तरी थंड स्थितीत तो याच्या दशांशाहूनही कमी भरतो. काढलेला रोध मोजणीच्या वेळच्या स्थितीचाच असतो. तसेच प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या चलित्रात दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास शक्तिगुणकाने गुणिल्यावाचून खरी शक्ती मिळत नाही. २३० व्होल्ट, ५ अँपिअर व ०.८ शक्तिगुणक असता ती १,१५० नव्हे, तर ९२० वॅट असते.

प्लग हाताला उष्ण लागणे, त्याचा रंग पालटणे किंवा जळका वास येणे ही वाढलेल्या रोधाची चिन्हे आहेत. अशा वेळी वितळतार शाबूत आहे म्हणून निश्चिंत न राहता शेगडी बंद करावी व सांधा तपासून घ्यावा.